तुरुंगाची माहिती संदर्भाच्या कपाटातून कशी काढावी

ग्रंथालयाच्या काउंटरवर ‘तुरुंगावर काही आहे का’ असं विचारलं, की बहुतेक वेळा स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी हातात येतात. त्या वाचाव्यातच. पण कैद्याला रोज किती धान्य मिळायचं, कच्च्या कैद्याला पक्क्यापासून वेगळं ठेवायचा नियम कुठल्या कलमात आहे, तुरुंग किती माणसांसाठी बांधला आणि आत किती होती, हे आठवणींतून नेमकं कळत नाही. ते कळतं कोश, गॅझेटियर (म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारे सरकारी ग्रंथ), वार्षिक अहवाल आणि कायद्याच्या पुस्तकांतून. ही पुस्तकं सलग वाचायची नसतात. प्रश्न घेऊन जायचं, उत्तराचं पान गाठायचं, नोंद करायची आणि उठायचं.

खालची पद्धत सातारा किंवा सांगलीत राहणाऱ्या, हा विषय पहिल्यांदाच हातात घेतलेल्या माणसासाठी आहे. विधी किंवा समाजकार्याचा विद्यार्थी, गावाचा इतिहास लिहिणारा, बातमीदार, कुणीही असो. या दोन जिल्ह्यांची गोम अशी, की इथल्या हद्दी आणि नावं इतक्यांदा बदलली आहेत, की चुकीच्या कपाटासमोर अख्खा दिवस घालवणं अगदी सोपं आहे.

पायरी १: प्रश्नाला जागा आणि साल द्या

‘महाराष्ट्रातील कारागृहे’ हा प्रश्न नव्हे, ते प्रकल्पाच्या मुखपृष्ठावरचं शीर्षक झालं. प्रश्नात तीन गोष्टी हव्यात: कुठला तुरुंग, कुठल्या काळातला, आणि त्यातलं नेमकं काय.

सांगलीचा तुरुंग घ्या. तो गणेशदुर्ग किल्ल्यात आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार याच तुरुंगातून निसटले. त्या प्रसंगात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात हुतात्मा झाले. आता समजा तुमचा प्रश्न आहे, ‘त्या वर्षी या तुरुंगात पहारेकरी किती होते?’ नवखा माणूस मुंबई प्रांताच्या तुरुंग खात्याचा अहवाल मागवतो आणि त्यात सांगली शोधत बसतो. तिथे ती असायचं कारण नाही. १९४३ साली सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. त्याचा कारभार वेगळा, कागदही वेगळे. प्रश्नात साल नीट बसलं असतं, तर हे कपाटाकडे जाण्याआधीच कळलं असतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एवढं उतरवून ठेवा:

१८४८: साताऱ्याचं राज्य खालसा. त्याआधीचे कागद छत्रपतींच्या दरबाराचे, नंतरचे इंग्रजी अमलाचे.
१८८५ च्या सुमारास: सातारा जिल्ह्यात वाळवा, खानापूर आणि तासगाव हे आज सांगलीत असलेले तालुके होते. सांगली, मिरज, जत आणि औंध ही संस्थानं वेगळी. आटपाडी औंधकडे.
१९४८: ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन.
१९४९: जिल्ह्याचे दोन भाग, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा.
१९६०: दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं, उत्तर सातारा पुन्हा नुसता सातारा झाला.

१९५१ च्या जनगणनेत ‘सांगली जिल्हा’ शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही, ते यामुळे. आणखी एक: जुन्या ‘मुंबई इलाख्या’त गुजरात आणि कर्नाटकातले जिल्हे होते, १९३६ पर्यंत सिंधही होता. इलाख्याची सरासरी म्हणजे महाराष्ट्राची सरासरी नव्हे.

पायरी २: शब्दांची यादी करा, मगच सूची उघडा

एकाच गोष्टीला काळानुसार वेगवेगळी नावं आहेत आणि सूचीत त्यातलं एखादंच असतं. ‘तुरुंग’ हा शब्दच पोर्तुगीजातून आलेला. जुन्या कागदांत बंदीखाना, बंदिशाळा, कैदखाना, अदबखाना असे शब्द भेटतात. पेशवाईत आणि त्याआधी किल्ले हेच तुरुंग होते. १७५० साली ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावरच अडकवून ठेवलं होतं. त्यामुळे त्या काळासाठी ‘तुरुंग’ शोधण्याऐवजी ‘अजिंक्यतारा’ शोधलेलं बरं. अर्थ अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती जुन्या कागदांसाठी फार उपयोगी पडते.

आजचे सरकारी शब्द वेगळे. खात्याचं नाव कारागृह व सुधारसेवा. कैद्याला ‘बंदी’ म्हणतात, खटला चालू असलेल्याला ‘न्यायाधीन बंदी’, शिक्षा झालेल्याला ‘सिद्धदोष बंदी’, प्रतिबंधक कायद्याखाली ठेवलेल्याला ‘स्थानबद्ध’. बोलताना आपण कच्चा कैदी, पक्का कैदी म्हणतो, पण सूचीत तसं सापडेल या आशेवर राहू नका. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश संदर्भ विभागात असेल तर यादी करतानाच शेजारी ठेवा.

विश्वकोशासाठी यादी लांब करा: तुरुंग, कारागृह, शिक्षा, दंड, जन्मठेप, फाशी, गुन्हेगारी, अपराध, बालगुन्हेगारी, परिवीक्षा. एका नोंदीत ‘पहा’ म्हणून दुसरी सांगितली असेल तर ती लगेच यादीत टाका. मराठी कोशांत क्ष आणि ज्ञ यांची जागा ठरलेली नाही. काही कोशांत ते क आणि ज च्या पोटात असतात, काहींत अगदी शेवटी. एका जागी नाही सापडलं म्हणून नोंदच नाही असं समजू नका.

इंग्रजी पुस्तकांत दोन शब्द हमखास घोटाळा करतात. अमेरिकी पुस्तकात ‘जेल’ म्हणजे स्थानिक, थोड्या मुदतीची कोठडी आणि ‘प्रिझन’ म्हणजे मोठ्या शिक्षेची जागा. आपल्याकडे दोन्ही एकच. दुसरा शब्द ‘पॅरोल’. तिकडे त्याचा अर्थ उरलेली शिक्षा देखरेखीखाली बाहेर काढायची. महाराष्ट्रात पॅरोल म्हणजे ठरावीक कारणासाठी मिळणारी तात्पुरती सुटका. तिच्याशेजारी ‘फर्लो’ नावाची वेगळी रजा आहे. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. परदेशी विश्वकोशातली व्याख्या उचलून सातारच्या कैद्याला लावली, की सगळा परिच्छेदच चुकतो.

पायरी ३: कपाट गाठा

ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयांना ठरावीक क्रमांक देऊन, लावलेल्या ग्रंथालयात ३६४ म्हणजे गुन्हेगारी आणि तिचा बंदोबस्त, त्यातलं ३६४.६ शिक्षाशास्त्र, ३६५ तुरुंग आणि तत्सम संस्था, ३४५ फौजदारी कायदा, ०३० च्या घरात कोश, ९५४ मध्ये भारताचा इतिहास. गॅझेटियर बहुधा या ९५४ जवळ किंवा स्वतंत्र कपाटात असतात. क्रमांकाआधी ‘संदर्भ’ किंवा इंग्रजी ‘आर’ लिहिलेलं असेल तर पुस्तक घरी मिळणार नाही, तिथेच बसून बघायचं. गावातल्या लहान वाचनालयांत वर्गीकरण नसून फक्त दाखल क्रमांक असतो. तिथे क्रमांकाचा आग्रह न धरता ग्रंथपालांना सरळ विषय सांगा.

कुठे जायचं? शहराचं नगर वाचनालय आणि शासकीय जिल्हा ग्रंथालय ही पहिली पायरी. कायद्याच्या पुस्तकांसाठी विधी महाविद्यालयांची ग्रंथालयं: साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय, सांगलीत एन. एस. सोटी विधी महाविद्यालय. बाहेरच्या वाचकाला तिथे आपल्या महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं पत्र लागेल असं धरून चला. जुने अहवाल आणि प्रबंधांसाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय. मराठी विश्वकोशाचं तर घरच वाईत आहे, तरी त्यासाठी वाईला जायची गरज नाही. खंड बहुतेक वाचनालयांत आहेत आणि नोंदी संगणकावरही वाचता येतात.

सांगलीत एक गोष्ट आधीच विचारून घ्या: पुस्तक यादीत आहे, पण कपाटात आहे का? २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी या शहरातल्या खालच्या मजल्यांवरचं बरंच काही भिजवलं. भिजून वाळलेल्या पुस्तकाची पानं चिकटलेली असली तर नखाने किंवा पट्टीने सोडवू नका. वरचा थर निघून येतो आणि त्याबरोबर अक्षरंही. तसं पुस्तक ग्रंथपालांच्या हाती द्या आणि दुसरी प्रत कुठे आहे ते विचारा.

पायरी ४: आधी कोश, पण वीसच मिनिटं

विश्वकोशाची नोंद उत्तरासाठी वाचायची नसते. विषयाचा नकाशा, तिच्याखाली दिलेली पुस्तकं आणि ‘पहा’ म्हणून दिलेल्या नोंदी एवढंच घ्यायचं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्यामुळे सुरुवातीच्या खंडांत कायद्याची कलमं आली तर ती आजची समजू नका. त्याआधीचा केतकरांचा ज्ञानकोश १९२० च्या दशकातला. तो ‘तेव्हा शिकलेल्या मराठी माणसाला तुरुंगाबद्दल काय वाटत होतं’ हे बघायला उत्तम, आजच्या माहितीसाठी नाही.

पायरी ५: गॅझेटियर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्थानिक माहितीचा खजिना इथेच आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

तुम्हाला तीन खंड लागतील. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला सातारा खंड, म्हणजे एकोणिसावा, १८८५ चा. मग महाराष्ट्र शासनाने काढलेला साताऱ्याचा सुधारित खंड, १९६३ चा. आणि सांगलीचा, १९६९ चा. तिन्ही इंग्रजीत आहेत.

१८८५ च्या खंडात ‘तुरुंग’ नावाचं प्रकरण शोधत बसू नका. न्याय या प्रकरणात कोर्टं, पोलीस आणि गुन्ह्यांच्या तक्त्यांच्या आसपास बघा. मग शेवटच्या ‘स्थळे’ या प्रकरणात सातारा शहराच्या नोंदीत इमारती बघा. तिसरी जागा इतिहासाचं प्रकरण, कारण किल्ल्यावरच्या कैदेचे उल्लेख तिथे येतात. नावांच्या इंग्रजी स्पेलिंगकडे लक्ष ठेवा. वाई आणि वाळवा ही नावं व्ही आणि डब्ल्यू अशा दोन्ही अक्षरांखाली शोधा, आणि कऱ्हाड असेल तिथे कराडही. १९६३ आणि १९६९ च्या खंडांत कायदा, सुव्यवस्था आणि न्याय असं प्रकरण आहे. तुरुंग खातं त्यातच येतं, पोलीस आणि न्यायालयांच्या शेजारी.

मध्यवर्ती, जिल्हा आणि दुय्यम तुरुंग हा फरक इथे नीट समजून घ्या. तालुक्याच्या गावची दुय्यम कोठडी पूर्वी मामलेदाराच्या देखरेखीखाली असायची, म्हणजे तिची माहिती तुरुंग खात्याऐवजी महसुली कारभाराच्या पानावर निघू शकते. सातारा आणि सांगली ही आजही जिल्हा कारागृहं आहेत. सांगलीला जवळचं मध्यवर्ती कारागृह कोल्हापूरचं, कळंब्याला. लांब मुदतीच्या शिक्षेचा कैदी सहसा जिल्हा कारागृहात राहत नाही. ‘साताऱ्यात जन्मठेपेचे कैदी इतके कमी कसे’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं.

आता चुका कुठे होतात ते.

पहिली चूक सालाची. पुस्तक १८८५ चं म्हणून आकडेही १८८५ चे, असं नसतं. त्या खंडातली लोकसंख्या १८८१ च्या जनगणनेची आहे. तक्त्याच्या वरची ओळ आणि खालची टीप वाचल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नका.

दुसरी वजनमापांची. कैद्यांच्या आहाराचे जुने तक्ते कधी पौंड-औंसात असतात, कधी शेरात. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम आणि औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, इथे भानगड नाही. भानगड शेराची आहे. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, पण मुंबईचा जुना शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा. कुठला शेर ते न बघता गणित केलं तर कैद्याची भाकरी तिप्पट होते, आणि ‘इंग्रजांच्या तुरुंगात पोटभर मिळायचं’ असा शोध लागतो! पैशांचंही तसंच. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै. ‘०-२-६’ म्हणजे अडीच आणे, अडीच रुपये नव्हेत.

तिसरी चूक भाषेची, आणि ती जास्त गंभीर आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये काही जाती-जमातींना सरसकट ‘गुन्हेगार’ म्हटलेलं दिसेल. ती त्या लोकांविषयीची माहिती नाही, तो त्या काळच्या सरकारचा दृष्टिकोन आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच दृष्टीतून आला आणि १९५२ साली रद्द झाला. असा मजकूर वापरायचा झाला तर अवतरणात घाला आणि कुणी, कधी म्हटलं ते तिथेच लिहा. स्वतःच्या वाक्यात मिसळू नका.

पायरी ६: आकड्यांची पुस्तकं

आजच्या आकड्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा तुरुंगांविषयीचा वार्षिक सांख्यिकी अहवाल घ्या. १९९५ पासून निघतो. गुन्ह्यांचा अहवाल वेगळा, तो १९५३ पासूनचा. दोन्ही एकाच विभागाचे असल्याने अदलाबदल फार होते. गुन्ह्यांच्या अहवालातल्या ‘अटक’ या आकड्याला तुरुंगातली संख्या समजू नका.

तुरुंग अहवालातली कैद्यांची संख्या ३१ डिसेंबरची असते. २०२२ च्या अहवालात देशभर १,३३० तुरुंग, क्षमता ४,३६,२६६ आणि प्रत्यक्ष कैदी ५,७३,२२०. गर्दीचं प्रमाण स्वतः काढून बघा: ५,७३,२२० भागिले ४,३६,२६६, गुणिले १००. उत्तर १३१.४ टक्के. याचा अर्थ १०० जणांच्या जागेत १३१. ‘१३१ टक्के जास्त’ असं लिहिलं तर ती गर्दी सव्वादोनपटीच्याही पुढे जाते, आणि हे वाक्य छापून आलेलं अनेकदा दिसतं. त्याच दिवशी न्यायाधीन बंदी ४,३४,३०२ होते, म्हणजे एकूण कैद्यांच्या ७५.८ टक्के. टक्केवारी काढताना खाली क्षमता घ्यायची की कैदी, हे दर वेळी थांबून बघा.

दुसरा घोटाळा उभ्या आणि वाहत्या आकड्याचा. एखाद्या दिवशी आत असलेली माणसं हा उभा आकडा, वर्षभरात दाखल झालेली हा वाहता. समजा एका कारागृहात ३१ डिसेंबरला २०० जण आहेत आणि वर्षात १,५०० दाखल झाले. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण बहुतेक जण थोड्या दिवसांत जामिनावर सुटतात. जुन्या अहवालांत तिसराही प्रकार भेटतो, ‘रोजची सरासरी’. एका तक्त्यात १८९० ची रोजची सरासरी आणि २०२२ चा ३१ डिसेंबरचा आकडा शेजारी ठेवून ‘वाढ’ दाखवायची झाली, तर खाली तसं स्पष्ट लिहा. नाहीतर तुलनाच करू नका.

या अहवालातले तक्ते बहुतांशी राज्यनिहाय आहेत. सातारा किंवा सांगली कारागृहाचा आकडा त्यात शोधू नका. आजचा स्थानिक आकडा हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘कैद्यांची माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलं तर उत्तरही मोघमच येतं. ‘अमुक तारखेस मान्य क्षमता, पुरुष व स्त्री न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी यांची संख्या’ असं लिहा. कुणाही कैद्याचं नाव मागू नका. ते मिळणार नाही आणि तुम्हाला लागतही नाही.

पायरी ७: कायदा आणि समित्या

तुरुंग हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय, नोंद ४. म्हणून केंद्राचा कायदा वाचून थांबता येत नाही. १८९४ चा तुरुंग कायदा हा पाया. त्यातलं कलम २७ कैद्यांना वेगळं ठेवण्याविषयी आहे, कलम ४५ तुरुंगातल्या गुन्ह्यांविषयी, ४६ त्यांच्या शिक्षांविषयी आणि ५९ नियम करण्याच्या अधिकाराविषयी. या ५९ वरूनच राज्याचे नियम येतात. आपल्याकडे १९५९ चे फर्लो व पॅरोल नियम आणि १९७९ चं महाराष्ट्र कारागृह नियमपुस्तक. सूचीत हे ‘मॅन्युअल’ या शब्दाखाली शोधा. केंद्राने २०१६ मध्ये आदर्श नियमपुस्तक आणि २०२३ मध्ये आदर्श कायदा दिला. ‘आदर्श’ म्हणजे नमुना. राज्याने स्वीकारला तरच तो इथे लागू. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नमुन्यातली तरतूद ‘महाराष्ट्रात असं आहे’ म्हणून छापलेली वारंवार दिसते. १८९४ च्या कायद्याच्या जागी नवे राज्य कायदे आणण्याचं काम सुरू झालं आहे, म्हणून आज काय अमलात आहे ते राजपत्रातून तपासूनच लिहा.

कपाटातलं फौजदारी कायद्याचं पुस्तक १ जुलै २०२४ च्या आधीचं असेल तर कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. न्यायाधीन कैद्याच्या सुटकेचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम ४३६-अ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४७९ आहे. क्रमांकाबरोबर आशयही बदलला आहे: पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला काही अपवाद सोडता कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतरच जामिनावर सुटता येतं, इतरांना निम्म्या काळानंतर.

निकालाचा पत्ता वाचायला एकदा शिकला की पुढे सोपं. ‘ए. आय. आर. १९६६ एस. सी. ४२४’ म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टरचा १९६६ चा खंड, सर्वोच्च न्यायालयाचा भाग, पान ४२४. सरावाला हाच निकाल काढा. प्रभाकर पांडुरंग संझगिरी या स्थानबद्धाने कोठडीत मराठीतून अणुविज्ञानावर पुस्तक लिहिलं, सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवू दिलं नाही आणि न्यायालयाने पाठवू द्यायला सांगितलं. छोटा निकाल आहे, एका बैठकीत वाचून होतो. मग एकांतकोठडी आणि बेड्यांवरचा १९७८ चा सुनील बत्रा निकाल, पान १६७५. जुनी नियमपुस्तकं वाचणाऱ्याने ३ ऑक्टोबर २०२४ चा, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही वाचावा. नियमपुस्तकांत जातीवरून कामं कशी वाटली जात होती ते त्यात कलमांसकट आहे.

समित्यांचे अहवाल जाड असतात. आधी शिफारशींचा गोषवारा वाचा, मग लागेल तेवढं प्रकरण. १९१९-२० ची भारतीय तुरुंग समिती कैद्याच्या सुधारणेचा विचार कुठून आला ते बघायला, १९८०-८३ ची मुल्ला समिती आजच्या वादांची मुळं बघायला, आणि स्त्री कैद्यांसाठी १९८६-८७ ची कृष्णा अय्यर समिती. शिफारस म्हणजे अंमलबजावणी नव्हे, ही खूण वहीत लाल शाईने करून ठेवा.

सरावासाठी एक शोध: स्वतंत्रपूर

सगळ्या पायऱ्या एकदम वापरून बघायच्या असतील तर आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची खुली वसाहत घ्या. भिंती नसलेल्या या तुरुंगाची सुरुवात १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानात झाली. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची नावं या प्रयोगाशी जोडलेली आहेत.

साल आणि संस्थान कळलं की काय काय बाद होतं बघा. १८८५ चा खंड बाद, प्रयोग नंतरचा आहे. मुंबई प्रांताचे १९४८ पूर्वीचे तुरुंग अहवाल बाद, औंध संस्थान होतं. उरतो १९६९ चा सांगली खंड: कायदा-सुव्यवस्थेच्या प्रकरणात खुल्या तुरुंगाचा उल्लेख शोधा आणि स्थळांच्या प्रकरणात आटपाडी बघा. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आणि आटपाडी सांगलीत, म्हणून संस्थानाच्या इतिहासासाठी १९६३ चा सातारा खंडही काढावा लागतो. सूचीत शब्द: औंध संस्थान, आटपाडी, खुली वसाहत, खुले कारागृह, मुक्त कारागृह. वार्षिक सांख्यिकी अहवालात खुल्या तुरुंगांचा वेगळा रकाना मिळेल, पण त्यातला महाराष्ट्राचा आकडा राज्यातल्या सगळ्या खुल्या तुरुंगांचा आहे, एकट्या स्वतंत्रपूरचा नाही.

या विषयावर बोलताना कुणीतरी ‘दो आँखें बारह हाथ’ काढणारच. व्ही. शांतारामांचा हा १९५७ चा चित्रपट, कथा आटपाडी भागातल्याच ग. दि. माडगूळकरांची, आणि त्यामागची प्रेरणा म्हणून स्वतंत्रपूरचं नाव घेतलं जातं. चित्रपटात सहा कैदी आहेत म्हणून पहिल्या तुकडीत सहाच कैदी होते असं मात्र लिहू नका. ते कागदावरून ठरेल.

नोंद कशी ठेवायची

एका कार्डावर किंवा वहीच्या एका पानावर एकच गोष्ट. वर पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल, खंड, पान, तक्ता क्रमांक. मधे मजकूर, आणि तो जसाच्या तसा आहे की तुमच्या शब्दांत, याची खूण. खाली तो आकडा कुठल्या तारखेचा, कुठल्या हद्दीचा. मोबाइलने फोटो घ्यायला परवानगी असेल तर तीन फोटो घ्या: मुखपृष्ठामागचं नावाचं पान, त्याच्या पाठीमागचं छपाईचं पान, आणि मग हवं ते पान. नुसत्या तक्त्याचा फोटो महिन्याभराने बघितला तर कुठल्या पुस्तकातला तेच कळत नाही. जुन्या पुस्तकाजवळ पेन नको, पेन्सिल ठेवा. घडीचे नकाशे घडीच्या दिशेनेच उघडा, उलट मोडले की फाटतात.

जे सापडलं नाही त्याचीही नोंद करा: ‘१९६३ सातारा, न्याय प्रकरण पूर्ण बघितलं, स्त्री कैद्यांचा वेगळा आकडा नाही.’ दोन महिन्यांनी तेच प्रकरण पुन्हा वाचायची वेळ येत नाही.

पुरालेखागाराकडे, म्हणजे कोल्हापूर किंवा पुण्याला, जायचं ते ही ‘सापडलं नाही’ची यादी तयार झाल्यावर. तिथे पुस्तकं नाहीत, दफ्तरं आणि फाइली आहेत. विषय सांगून काम होत नाही. कुठलं संस्थान किंवा खातं, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, असं मागावं लागतं. जुना मजकूर मोडीत असेल हे धरून चला. मोडी येत नसेल तर वाचून देणारं माणूस आधी बघून ठेवा. ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र बरोबर न्या, आणि एका फेरीत तीन-चारपेक्षा जास्त मागण्या घेऊन जाऊ नका, कारण फाइल बाहेर यायलाच वेळ लागतो.